एका कुस्तीपुरता इवानोसे

आईशप्पथ सांगतो, सत्तावीस वर्षं पैलवानांच्या शेंड्या बांधतोय, पण त्या सकाळी ऱ्योगोकूच्या सुमो-आखाड्यात जे पाहिलं त्याने माझी बोलतीच बंद झाली. आणि माझी बोलती बंद होणं सोपं नाही, आमच्या तालमीत कुणालाही विचारा.

इवानोसे आमचा सगळ्यात जुना पैलवान. वय एकेचाळीस. पंधराव्या वर्षी निईगाताहून आला तो खालच्या पायरीवरच राहिला. पण कोंबडीचं कालवण असं करायचा की बाकीचे पातेलं चाटूनपुसून ठेवायचे. चार वर्षांपूर्वी त्याचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी हात टेकले. आता नामावलीत नाव असेपर्यंतच तालमीत जेवण, अंथरूण आणि माणसं. पंधरा दिवसांच्या फडात एकही कुस्ती झाली नाही तर नाव जातं. नाव गेलं की वस्ताद शेंडी कापणार, म्हणजे पैलवानकी संपली.

"मग एकच खेळ की गाढवा," मीच त्याला म्हटलं होतं. "चढ, हात लाव, बाहेर पड, घरी ये."

वर्षाला सहा फड, प्रत्येक फडात एक कुस्ती, आणि प्रत्येक कुस्तीत हार. जिंकलं की पायरी वर, आणि पुढच्या फडात समोर तगडा गडी. उरलासुरला गुडघाही शाबूत, नावही शाबूत. माझी अक्कल बघा, मला तर अभिमानच वाटायचा!

त्या जानेवारीत मी त्याच्याबरोबर निघालो. नदीवरून बोचरा वारा येत होता, फडाची वर्दी देणारा मनोऱ्यावरचा ढोल कधीच वाजून गेला होता. कोपऱ्यावरच्या मोजेवाल्या ओमुराबाई दुकानापुढे झाडत होत्या.

"इवा, आज किती सेकंद?"

"तीन, बाई."

"गेल्या वेळी चार होते. म्हातारा झालास रे!"

तो हसला. मीही हसलो.

सकाळचे पावणेनऊ. एवढा अवाढव्य आखाडा आणि माणसं मोजून चाळीस. समोरून कुरेगावा चढला, दुसऱ्या तालमीतला, पस्तिशीचा. खांद्यापासून मनगटापर्यंत पट्ट्या. मी लगेच ओळखलं. अरे देवा, हाही एकाच कुस्तीसाठी आलाय!

दोघे भिडले. भिडले कसले, शिवले. इवा एक पाऊल मागे गेला. कुरेगावाही मागे गेला. पंच ओरडतोय, "लढा! लढा!" आणि हे दोन धिप्पाड बाप्ये पाठीमागची रिंगणाची कड शोधतायत. कुणीतरी फिस्सकन हसलं. इवा थबकला, कुरेगावाकडे बघत तसाच उभा राहिला. तेवढ्यात कुरेगावाची टाच बाहेर पडली. पंचाने इवाकडे हात केला. चार वर्षांत पहिल्यांदा!

पैलवान परततात त्या बोळातून मी धावत गेलो. "जिंकलास की रे मेल्या!"

तो भिंतीला टेकून उभा होता. तोंड पांढरंफटक.

"दादा, त्याचा चेहरा पाहिलास?"

"पाहिला. मग?"

"मी त्याला ढकलेन याची भीती नव्हती रे त्याला. मी त्याच्याआधी पडेन, याची होती." त्याने माझी बाही धरली. "माझंही तोंड असंच दिसायचं?"

खोटं बोलायला मला कधी लाज वाटली नाही. टकलाकडे चाललेल्या पैलवानालाही मी "काय दाट केस आहेत" म्हणतो. पण तेव्हा खोटं सुचलंच नाही.

"दिसायचं," मी म्हटलं.

त्याच दुपारी तो वस्तादांपुढे गुडघा लांब करून बसला आणि म्हणाला, "माझी शेंडी कापा." वस्तादांच्या हातातला चहा सांडला. "अरे, नाव राहिलंय तुझं!"

"राहिलंय," इवा म्हणाला. "पण आता मला ते असं वाचवायचं नाही."

मी हबकून गेलो. रागावलो, चारचौघांत शिव्या घातल्या, मग पायाही पडलो. ढिम्म हलला नाही.

फडाच्या शेवटच्या दिवशी तालमीत एकेकाने त्याच्या शेंडीला कात्री लावली, शेवटची वस्तादांनी. मग उरलेले केस सारखे करायला तो माझ्यापुढे बसला. सव्वीस वर्षं मी त्या डोक्याला तेल लावलं होतं.

"दादा," तो मान न वळवता म्हणाला, "चार वर्षं तू बघत होतास. आधी का नाही सांगितलंस?"

माझी कात्री थांबली.

"सांगितलं असतं तर तू गेला असतास ना," मी म्हटलं.