भुजलीचं नाव घेत नाहीत

बाईला जन्मात एक भुजली पुरते. कांतानं सहा केल्या आणि सहाही मोडल्या. सुकरी सातवी.

कुरखेड्याच्या त्या अंगाला, मध्यप्रदेशाच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत ही चाल जुनी. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब दोघींनी एकमेकींच्या कानामागे खोचायचे, की झाल्या त्या भुजल्या. सख्ख्या बहिणीपेक्षा जवळच्या. मग एकमेकींना नावानं हाक मारायची नाही, मरेस्तोवर. हाक मारायची ती ‘भुजली’ म्हणूनच. नाव घेतलं की तुटली.

सुकरी गोंडाच्या टोल्यावरची, म्हणजे गावापासून कोसभर दूरच्या वस्तीतली. बाजारात चारोळी विकायला बसली होती, तर समोर ही बाई येऊन उकिडवी बसली, दोन दाणे तोंडात टाकले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “माय व! इतके दिवस तू कुठी होती? तुह्यासारखी बाई म्या दुनियेत नाई पाह्यली!”

सुकरीनं मागं वळून पाहिलं. मागं फक्त एक बैल उभा होता.

त्याच दुपारी कांतानं तिला घरी नेलं, मशीनवर बसून चोळी शिवली, फुग्याच्या बाह्यांची. सुकरीच्या सात पिढ्यांत कुणी फुग्याच्या बाह्या घातल्या नव्हत्या. पुढच्या रविवारी सुकरी येते म्हणाली होती, पण गाय व्याली आणि राहिलं. सोमवारी कांता कोसभर चालत टोल्यावर हजर, हातात कात्री. “आन थे चोळी!” म्हणाली, आणि अंगणातच दोन्ही बाह्या कापून घेऊन गेली. मंगळवारी त्याच बाह्या घेऊन परत, रडत. शिवून दिल्या. त्या वर्षात त्या चोळीच्या बाह्या तीनदा निघाल्या आणि तीनदा लागल्या. शेवटी सुकरी त्या चोळीला हात लावण्याआधी बाह्या आहेत का बघायची.

गावातल्या बाया सुकरीला सांगत, “कानामागं खोचून घेतलं त खरं, पन कान धुऊन ठेवजो. थे कवाबी उपटून नेईन.” त्यांचंही बरोबर होतं. कांता ज्याच्यावर जीव लावी त्याच्यासारखीच होऊन जाई. शाळेच्या मास्तरीणबाईवर मन बसलं तेव्हा ती दोन महिने एका वेणीत फिरली आणि कोंबड्यांनाही ‘चला, इकडे या’ असं शुद्ध बोलली. कोंबड्या आल्या नाहीत. मास्तरीणबाई एकदा रस्त्यात बघितलं न बघितलं करून निघून गेली, तर दुसऱ्या दिवशी वेणी सुटली, शुद्ध बोलणं गेलं, आणि मास्तरीण गावातली सर्वांत वाईट बाई ठरली. मग मधमाश्या पाळायचं वेड, मग भजनाचं, मग कुंकू न लावण्याचं. सकाळी उठून आज आपण कोण, हे तिला रोज नव्यानं ठरवावं लागे.

नवरा देवराव शिंपी. मोजपट्टी गळ्यात, शब्द पोटात. विचारलं तर म्हणायचा, “कालवरी मी देव होतो, बाप्पा. आज रावन हावो. उद्याची उद्या पाहू, बटनं लावाची हायेत मले.”

हसण्यावारी न्यायचं हे बरंचसं. पण एका उन्हाळ्यात देवराव पाहुणा म्हणून वडशाला गेला आणि ठरल्या दिवशी आला नाही, तर कांता विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसली होती. सुकरी तिच्या शेजारी जाऊन बसली. कांताच्या लुगड्याचा पदर आपल्या मनगटाला गुंडाळून धरला. मग कांता म्हणाली, “माह्यात कोनी नाई रायत व भुजली. कोनी गेलं का मीबी जातो. आंदर रिकामं खोकं रायते.”

त्या दिवशी सुकरीला हसू आलं नाही. त्या दिवसापासून ती बघायला लागली. धानाच्या बांधीत खेकडे धरण्यात तिची हयात गेलेली. खेकडा कवच टाकतो तेव्हा चार दिवस लोण्यासारखा मऊ असतो. पाण्याची लाट लागली तरी कळवळतो, आणि नुसती सावली पडली तरी नांग्या उगारतो. बाकीच्यांचं कवच चार दिवसांत येतं. हिचं आलंच नाही, असं सुकरीनं मनाशी धरलं. नांगी उगारली तरी सुकरी आता घाबरेनाशी झाली. हात मागंही घ्यायचा नाही आणि पुढंही रेटायचा नाही. ‘येतो’ म्हटलं की यायचं. ‘नाही जमत’ असेल तर आधी सांगायचं. एवढ्यावर चांगली चालली होती गाडी.

आणि इतकं कळणाऱ्या सुकरीनं नेमकी तीच चूक केली.

गडचिरोली जिल्हा नवा नवा झाला होता त्या दिवसांतली गोष्ट. सुकरीची लेक बुधरी एटापल्लीकडं दिलेली. पहिलटकरीण. पोरीला हलवू नका असं सांगितलेलं, म्हणजे आईनंच जायचं, आणि बारसं होईस्तोवर राहायचं. सुकरीला हे पंधरवड्यापासून ठाऊक. रोज सांगीन म्हणायची, आणि कांता त्या दिवशी इतकी खुशीत असायची की जीभ उचलायची नाही. मंडई झाली की सांगू, असं म्हणत राहिली.

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. गावोगावचे पाहुणे, पाळणे, उसाचे ढीग, बत्ताशे. आदल्या रात्री नाटक झालेलं, त्यामुळं अर्धं गाव जांभया देत हिंडत होतं. त्या गर्दीत बांगड्यांच्या दुकानावर ठमाबाई कासारीण कांताच्या हातात काकणं चढवता चढवता म्हणाली, “भुजली चालली नं तुही? महिना-दीड महिना करमन का तुले?”

कांताचा हात तसाच राहिला. “कोन चालली?”

“आता का सांगू! बुधरीकडं. तुले नाई मालूम?”

सुकरी दोन पावलांवर उभी होती. कांतानं तिच्याकडं पाहिलं, आणि सुकरीला कळलं की नांगी आता खरी बसणार.

“साऱ्या मंडईले मालूम, अना मले नाई!”

“सांगनारच होतो, भुजली—”

“कधी? बशीत बसल्यावर? खिडकीतून हात हालवून? जा न मंग! तू काय जाशीन, मीच जातो आधी! पाय धुवून पानी पेलो असतो तुहे, अना तू लपवतं! नागीन हायेस तू, नागीन!”

असं म्हणून काकणं फेकून ती गर्दीत घुसली ती दिसेनाशीच झाली. ठमाबाई म्हणाली, “मी का वाईट बोललो?” आणि फुटलेली काकणं गोळा करू लागली.

सुकरीला देवराव जिलबीच्या दुकानाशी भेटला. हातात द्रोण, पण जिलबी तशीच.

“गेली,” तो म्हणाला. “नाटकवाल्याईच्या टरकात जाऊन बसली. राजाच्या झग्याले जरीची पट्टी लावून देतो, तुमच्यासंगच रायतो म्हन्ते. मॅनेजरले लागतेच शिंपीन. इंजन सुरू झालं का जाते टरक.”

“मंग तुमी काऊन नाई आनलं, देवरावभाऊ?”

“आज रावन हावो नं मी.”

ट्रक मैदानाच्या पार त्या टोकाला, मध्ये हजारभर माणसं, पाळणे आणि बैलबंड्या. पोचेपर्यंत गेला असता. सुकरी धावली ती मंडपाकडं, मागोमाग द्रोण धरून देवराव. तिथं इसरू नावाचा माणूस भोंग्यावरून हरवलेली पोरं नि बकऱ्या पुकारत होता. इसरू बाहेरगावचा, मंडळानं खास बोलावलेला. आपल्या आवाजावर स्वतःच खूश.

“बाई हरवली,” सुकरी धापा टाकत म्हणाली. “नाटकाच्या टरकात बसून चालली. लवकर बोलाव, भाऊ.”

“नाव?”

“नाव नाई घेत मी.”

“म्हंजे?”

“भुजली हाये माही. नाव घेतलं का तुटन.”

इसरूनं माईकवर हात ठेवला आणि देवरावकडं वळला. “तुमी कोन?”

“नवरा.”

“मंग तुमी सांगा.”

देवराव कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. “इतक्या लोकाईपुढं? बायकोचं नाव? हट!”

“मंग उखान्यात घ्या बाप्पा, पन घ्या! ते पाह्य, टरकनं धूर सोडला!”

आता इलाज नव्हता. सुकरीनं माईक ओढून घेतला आणि होता नव्हता तेवढा दम लावून ओरडली, “भुजली वोऽऽ! इकडं येऽऽ!”

भोंगा खणखणला. आणि सगळी मंडई वळली. त्या मैदानात अशी बाई नव्हती जी कुणाची ना कुणाची भुजली नव्हती. उसाखालून, पाळण्यातून, जिलबीच्या कढईमागून बाया निघाल्या आणि मंडपाकडं लोटल्या. “कोन बोलावते?” “माही हाय का?” “माहीच असन, आजारी होती!” पन्नासेक बाया, काखेत पोरं, डोक्यावर टोपल्या. कांतानं मोडलेल्या सहांपैकी चार तर पहिल्या रांगेत. मंडपाचा एक खांब कलला.

“अरे बाप्पा!” इसरू ओरडला. “वळख सांग, वळख! काही तं वळखीची खून सांग!”

सुकरीनं डोळे मिटले. “जिनं माह्या चोळीच्या बाह्या तीनदा कापल्या, थे भुजली!”

पन्नास बाया एकदम थांबल्या. मग एक हसली, मग दुसरी, आणि हशा असा उसळला की पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. तिकडं दूर ट्रकचं इंजिन मात्र घुरघुरतच होतं. सुकरीला हसू नव्हतं. माईक दोन्ही हातांनी धरून ती आता ओरडली नाही, बोलली.

“भुजली, आयक. मी चाललो, हे खरं हाये. गुरवारी. लपवलं, थे माहं चुकलं. तू रडशीन म्हून भेलो मी. पन टाकून नाई जात. पोरीचं बारसं झालं का येतो. तुले जाचं तं जा, मी दोर नाई लावत. पन मी नाव नाई घेतलं अना घेनारबी नाई. तू दहा खेपा तोड, माह्याकडून जोडलेली हाये.”

क्षणभर भोंग्यात नुसती सूं झाली. मग गर्दी दुभंगली. त्यातून कांता धावत आली, खांद्यावर राजाचा झगा, तोंडात सुई, आणि मागं नाटक कंपनीचा मॅनेजर, “झगा, बाई, झगा!” करत.

कांतानं सुई तोंडातून काढली. “नाव काऊन नाई घेतलं? म्या त तुले नागीन म्हनलं.”

“म्हनलं त म्हनलं. नागिनीलेबी भुजली असू शकते.”

“बारसं झालं का येशीन?”

“येतो.”

“अना मी मधात चिल्लावलो, उलटसुलट बोललो तं?”

“बोल न. तिकडंवरी आयकू येत नाई.”

कांता फसकन हसली, हसता हसता रडली, आणि राजाच्या झग्यालाच नाक पुसलं. मॅनेजरनं डोक्याला हात लावला. देवरावनं जिलबीचा द्रोण पुढं केला आणि ती त्याच्याकडं न बघता दोन उचलून खाऊन गेली. तो मात्र तेवढ्यावर उजळला.

गुरुवारी कांता स्टँडवर आली नाही. सुकरी बसमध्ये बसली, कंडक्टरनं घंटी मारली, आणि तेवढ्यात दार धडधडलं. कांता चढली, घामाघूम, अनवाणी. “पुढच्या फाट्यावरी येतो,” म्हणाली, जणू बस तिच्या मामाची.

पहिला फाटा आला. ती खिडकीबाहेर बघत बसली. दुसरा आला, तिनं सुकरीच्या पिशवीतल्या शेंगा सोलायला घेतल्या. कंडक्टरनं भुवया उंचावल्या. सुकरीला पेच पडला. ‘उतर’ म्हणावं तर ढकलल्यासारखं, ‘राहा’ म्हणावं तर ही एटापल्लीपर्यंत येईल, आणि तिकडं लेक बाळंतपणाला टेकलेली. तीही शेंगा सोलू लागली.

तिसऱ्या फाट्याला कांता उठली.

“आता मीच उतरतो. तू काई बोलू नको, भुजली. तू बोलली का मी बिघडतो.”

सुकरीनं पाय आवरून तिला वाट दिली. कांता उतरली, शेंगांची टरफलं झटकली, बसच्या पत्र्यावर दोन थापा हाणल्या आणि ड्रायव्हरला ओरडली, “चाल ना गा! उभा काय रायते? पोट्टी वाट पाहून राह्यली तिकडं!”

बस हलायच्या आधीच ती वळली आणि धुळीच्या रस्त्यानं गावाकडं चालू लागली. आपल्या पायांनी, आपण निघून. आजवर कुणापासून ती अशी निघाली नव्हती. सुकरीनं ते धड बघावं म्हणून खिडकीतून डोकं पार बाहेर काढलं, बसनं खड्ड्यात गचका दिला, आणि कपाळ पत्र्यावर असं आपटलं की डोळ्यांपुढं चांदण्या चमकल्या. ती हसायला लागली. कंडक्टर म्हणाला, “लागलं का वो बाई?” तर तिला जास्तच हसू आलं, आणि आरमोरीपर्यंत ते काही थांबलं नाही.