गाईडसाहेबांचं कार्टून

"म्हातारी खोटं बोलायली."

पाठीमागून आवाज आला आणि माझा घास हातातच राहिला. जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून मोबाइलवर एक जपानी ॲनिमे मालिका बघत होते. इअरफोनची पिन नीट बसली नव्हती आणि सगळा आवाज बाहेर जात होता, हे मला माहीत नव्हतं. पडद्यावर समुद्रकाठच्या गावात केस कापायचं दुकान चालवणारी एक म्हातारी होती. गिऱ्हाइकानं तिच्यासाठी डबा आणला होता आणि ती म्हणत होती, मी जेवलेय, तुम्ही घ्या.

मी वळून पाहिलं. गाईडसाहेब उभे होते. हातात पाण्याचा पेला, चष्मा कपाळावर. म्हणजे खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी ते वाचत नव्हतेच.

"जेवले म्हणती," ते म्हणाले, "पण जेवली नाय ती. 'नको' म्हणायच्या आधी किती थांबली बघ."

पुढच्याच प्रसंगात म्हातारीनं दुकानाचं दार लावलं आणि उभ्याउभ्या थंड भात खाल्ला. तो भाग मी तेव्हा तिसऱ्यांदा बघत होते. आधी दोन्ही वेळा मला वाटलं होतं की तिला संध्याकाळी पुन्हा भूक लागली.

"तुम्हाला जपानी येतं?" मी न ठरवता विचारलं.

"येत होतं," ते म्हणाले आणि पेला विसळायला गेले.

उस्मानपुऱ्यातल्या त्या ट्रॅव्हल ऑफिसात मला लागून तेव्हा थोडेच महिने झाले होते. तिकिटं, हॉटेलं, गाड्या यांची बुकिंग करायची, बहुतेक ईमेलवर. म्हणूनच ती नोकरी मला आवडली होती. मी इंग्रजी शाळेत शिकले, घरी मराठी बोलते, आणि खरं सांगायचं तर घराबाहेर कुठलीच भाषा फारशी बोलत नाही. ॲनिमे बघून बघून जपानी बरंच कळायला लागलं होतं, पण त्यातला एक शब्दही मी कधी तोंडातून काढला नव्हता. आंघोळ करतानासुद्धा नाही.

गाईडसाहेबांना आमचे मालक, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते 'साहेब' म्हणायचे आणि मी 'सर'. गंगापूरकडचे. अजिंठ्याला येणाऱ्या जपानी यात्रेकरूंचे गाईड म्हणून त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. "आमच्या घरात बुद्ध व्हता, पण फोटोत," ते एकदा म्हणाले. "कॉलेजात असताना अजिंठ्याला गेलो. एक जपानी म्हातारा आत शिरला आणि मूर्तीसंगं असा बोलायला लागला जसा काही शेजारी राहतो. मला वाटलं, हा काय बोलायला ते आपल्याला कळलं पाहिजे." मग पुण्याला जाऊन ते भाषा शिकले. पण महामारीनंतर जपानी मंडळी यायची कमी झाली. जी येत ती कानात रेकॉर्ड केलेली माहिती लावून फिरत. गाईडसाहेब मग आमच्या ऑफिसात टेबलाशी बसून ड्रायव्हरांना फोन करू लागले. गाडी कुठं आली, डिझेल भरलं का, पाहुण्यांना पाणी दिलं का.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली तशी त्यांनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणली. "लाव," म्हणाले. "आणि ते कानातलं काढ. आपण काय चोरी करायलोत?"

तुम्ही कधी एखादी आवडती गोष्ट वर्षानुवर्षं एकट्यानं बघितली असेल तर तुम्हाला कळेल मला काय झालं ते. हा माणूस हसेल का, कंटाळेल का, 'यात काय आहे' म्हणेल का? ते बघत राहिले आणि दर दोन मिनिटांनी बोट वर करत. "थांब. मागं घे."

लढाया, जादू, स्फोट यांसाठी ते कधीच मागे जायला सांगत नसत. कुणी दार सरकवून आत आलं, कुणी चहाचा पेला दोन्ही हातांनी पुढे केला, कुणी निरोप घेऊनही दारात उभं राहिलं, की बोट वर. म्हातारीची मालिका आम्ही पहिल्यापासून पुन्हा बघितली आणि मला ती नवीच वाटली. तिच्या दुकानातला आरसा कोपऱ्यात तडकलेला आहे आणि दर भागात गिऱ्हाईक त्या तड्याच्या डावीकडे दिसतं, म्हातारी उजवीकडे. शेवटच्या भागातच दोघं एका बाजूला येतात. हे मला तीनदा बघून दिसलं नव्हतं. दिसलं तेव्हा मी टेबलावर हात आपटला. दादांनी मान वर करून पाहिलं.

"साहेब, कार्टून बघायलेत व्हय?" ते म्हणाले. "नातू होऊ द्या, मंग बघा."

"नातवाला कळणार नाय हे," गाईडसाहेब म्हणाले.

सगळंच त्यांना आवडायचं असंही नाही. अवकाशातल्या यंत्रमानवांची एक मालिका मी फार कौतुकानं दाखवली. तिची चित्रं इतकी सुंदर की मी थांबवून थांबवून बघते. दोन भाग झाल्यावर ते उठले. "एवढाले डोळे काढलेत सगळ्यांना, पण कुणी कुणाकडं बघत नाय," म्हणाले आणि ड्रायव्हरला फोन लावला. मला राग आला. घरी जाऊन मी तेच दोन भाग पुन्हा बघितले, त्यांना खोटं पाडायला. खरंच कुणी कुणाकडं बघत नव्हतं. पण चित्रं सुंदरच आहेत, आणि त्यावर मी अजूनही ठाम आहे.

मग आली रस्सीखेचीची मालिका. डोंगरातली एक शाळा, आठ मुली, एक दोरी. कप्तान सतत ओरडणारी. दोरीच्या टोकाला कमरेभोवती वेढा घेऊन उभी राहणारी मुलगी जवळजवळ मुकी. मी ती मालिका आधी बघितली होती आणि रडलेही होते, पण गाईडसाहेबांबरोबर बघणं म्हणजे मैदानात जाऊन बसणं होतं. उपांत्य सामन्यात संगीत एकदम बंद होतं. फक्त श्वास ऐकू येतात आणि बुटांचा मातीत घासल्याचा आवाज. दोरी बोटभर इकडे येते, बोटभर तिकडे जाते. गाईडसाहेब खुर्चीतून उठले, मग दादा उठले, मग एका गिऱ्हाइकानं अजिंठ्याचे दर विचारायचे सोडून "कोण जिंकायलंय?" असं विचारलं. आमची टीम हरली. गाईडसाहेब असे बसले जसा काही त्यांचाच हात सुटला.

त्याहून त्यांना आवडलं ते हरल्यानंतरचं बसमधलं भांडण. ते आम्ही किती वेळा बघितलं असेल!

"म्हणजे हे लोक भांडतेत पण?" ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता. इतकी वर्षं त्यांना भेटले ते सगळे म्हातारे, नम्र, वाकून नमस्कार करणारे यात्रेकरू. तरुण जपानी पोरीला दुसरीवर खेकसताना त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. ते कप्तानची वाक्यं तिच्या मागोमाग म्हणू लागले. दार उघडताना, चहा मागवताना. साठीला आलेला, पांढरा शर्ट इनशर्ट केलेला माणूस कप्तानच्या आवाजात उसळत होता आणि मी भिंतीकडे तोंड करून हसत होते.

अशाच एका दुपारी फोन वाजला. जपानमधल्या एका यात्रा कंपनीचा. बोधगयेला हिवाळाभर राहून मोठे जथे सांभाळणारा गाईड त्यांना हवा होता आणि जुन्या कुणा पाहुण्यानं आमच्या साहेबांचं नाव सुचवलं होतं. त्यांनी फोन उचलला आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते कप्तानचं. मराठीत सांगायचं तर साधारण, "काय गं, काय आहे? बोल लवकर!"

पलीकडून एका बाईचं हसू आलं. बाई समजूतदार होत्या. पुढच्या सोमवारी व्हिडिओवर मुलाखत घेऊ, एका लेण्याची माहिती सांगा, आम्ही मधे प्रश्न विचारू, असं म्हणाल्या.

गाईडसाहेबांनी फोन ठेवला.

"तू बिघडवलंस साहेबांना," दादा मला म्हणाले. चेष्टेनंच, पण गाईडसाहेब हसले नाहीत.

"तिचं काय नाय. आवाज माझ्या हातात ऱ्हायला नाय," ते म्हणाले. "आधी जीभ आपोआप वळायची. आता सोमवारी काय बाहेर पडंल कोण जाणे."

त्या दिवसापासून सुट्टीत त्यांनी खुर्ची ओढली नाही. पाठ केलेली माहिती पुटपुटत टेबलाशी बसू लागले. पुटपुटताना अस्खलित. दादांनी जरा मोठ्यानं म्हणायला सांगितलं की अडखळत. हे काम त्यांना किती हवं होतं ते दिसत होतं. त्यांनी जुना कोट धुवायला टाकला होता आणि तसं कुणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी ते माझ्यापाशी आले. "उद्या बुद्ध लेणीवर येशील? आमच्या घरची, तुझी काकू पण येणार आहे. तू पाहुणी हो. मी सांगतो, तू प्रश्न विचार. ऑफिसात तुझ्याशिवाय कुणाला कळतंय?"

मी हो म्हणून मान हलवली. कळतं आणि बोलता येतं यांतला फरक त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

विद्यापीठामागच्या डोंगरातली ती लेणी. अजिंठ्यासारखी गर्दी नसते. पायऱ्या चढताना काकू मला म्हणाल्या, "रातभर झोपले नाहीत गं. मला जपानीत उठवलं चहाला." बाहेर कॉलेजची पोरं रील काढत होती. काकू सावलीत बसल्या आणि आम्ही तिसऱ्या लेण्यात गेलो. आत मोठा बुद्ध, आणि त्याच्यापुढे दोन्ही बाजूंना गुडघे टेकून, हात जोडून बसलेली दगडातली माणसं. बायका, पुरुष, अंबाडे, माळा. खऱ्या माणसांएवढी. गाईडसाहेबांनी टॉर्च लावला आणि जपानीत सुरू केलं. शतक, राजवट, दगड, मुद्रा. गाडी सुटल्यासारखं. मग थांबून त्यांनी जपानीत विचारलं, काही विचारायचंय का?

माझ्या डोक्यात पूर्ण वाक्यं तयार होती. तरी मी मान हलवली, नाही.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पुन्हा विचारलं. मी पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा ते मधेच अडकले, मागचं वाक्य परत म्हणाले, आणि थांबले.

"विचार की बेटा काहीतरी," ते मराठीत म्हणाले. "कायपण विचार. समोरून आवाज आला तर माझा निघतो. पाठ केलेलं तर मशीन पण सांगती."

त्यांनी टॉर्च बंद केला आणि खांबाला टेकून खाली बसले. "जाऊ दे. तुझ्यावर नाय राग. उद्या फोन करून नाय म्हणतो त्यांना. तिथं जाऊन फजिती होण्यापरीस इथं ड्रायव्हरला फोन लावलेले बरे."

तुम्हाला आधीच सांगून टाकते, ते बोधगयेला गेले. काकूंना घेऊन, दिवाळी झाल्यावर. आता त्यांच्या टेबलावर दादांनी माहितीपत्रकांचे गठ्ठे रचलेत आणि ड्रायव्हरांना फोन मी करते. रस्सीखेचीचा दुसरा सिझन आला आहे. त्याचे सगळे भाग मी ऑफिसातच बघितले, आवाज मोठा ठेवून, आणि दोन भाग दादांनीही, उभ्याउभ्या, काम असल्यासारखं दाखवत. टोकाची मुलगी आता कप्तान झाली आहे आणि मला कुणाला तरी सांगायचं आहे की ती ओरडत नाही, नुसती पाय रोवते आणि बाकीच्या सातजणींना ते कळतं! रात्री गाईडसाहेबांना फोन लावते तर ते जथ्याबरोबर असतात. मागे माणसांचा गलका असतो, आणि त्यात त्यांचा आवाज, जपानीत, भरभरून. ते म्हणतात, "सांगू नको, आल्यावर बघू," आणि ठेवतात.

पण त्या रविवारी यातलं काही घडलं नव्हतं. लेण्यात अंधार होता आणि ते खाली बसले होते. मी त्यांच्या हातातला टॉर्च घेतला, लावला आणि कुठंतरी बघायचं म्हणून दगडातल्या माणसांवर फिरवला. पुढच्या रांगेतल्या बायका स्पष्ट होत्या. त्यांच्या खांद्यांमागून आणखी एका बाईचा चेहरा डोकावत होता, अर्धाच. बाकीचा पुढच्या बाईच्या अंबाड्याआड गेला होता. मी प्रकाश तिथंच धरला.

मग मी जपानीत बोलले. माझं पहिलं वाक्य, अर्धं म्हातारीच्या सुरात, अर्धं कप्तानच्या. लेणं आतून पोकळ असतं हे माझ्या लक्षात नव्हतं. आवाज एवढा घुमला की बाहेर रील काढणारी पोरं आत वाकून बघायला लागली आणि गाईडसाहेब खांबाला हात लावून उठू लागले.

मी म्हणाले होते, "सगळ्यात मागं बसलेल्या त्या बाईला तिथून बुद्ध दिसतो का?"