शिडाच्या मागची बाजू

आमच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात तेव्हा वीज नव्हती, थिएटर तर फार लांबची गोष्ट. आज त्या भागाला नवी मुंबई म्हणतात. तेव्हा आमच्या आणि बेलापूरच्या मध्ये चिखल, मिठागरं आणि भातशेतं एवढंच होतं. सिनेमा आमच्याकडे वर्षातून एखादवेळी ठाण्याच्या बाजूने धूळ उडवत यायचा, सरकारी प्रचाराच्या गाडीत बसून. आधी देवीची लस टोचून घ्या म्हणून सांगणारी फिल्म. ती संपेपर्यंत पोरं कशीबशी दम धरायची, कारण मग चितरांचा सिनेमा लागायचा. कार्टून हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता. हाताने काढलेली माणसं धावायची, आपटायची, पापडासारखी चपटी व्हायची आणि उठून पुन्हा धावायला लागायची. म्हातारे तर पोरांच्याही पुढे जागा धरून बसायचे. लस टोचून घ्यायला मात्र त्यांतला एकही पुढे यायचा नाही.

त्या वर्षी गाडीबरोबरचा पडदा खाडीच्या वाऱ्याने फाटला. मशीनवाला म्हणाला, एखादं पांढरं शीड मिळेल का? गावातली सगळी शिडं झाडाची साल उकळून केलेल्या रंगात बुडवलेली, तांबूस काळी. पांढरं एकच होतं, आमचं. बाबांनी ते नवं शिवून आणलं आणि रंगात बुडवायच्या आधीच ते तापाने गेले. होडी किनाऱ्यावर उपडी पडली होती आणि शीड घरात माळ्यावर. गावकरी मागायला आले तेव्हा आईने ते मुकाट्याने काढून दिलं.

बाबा होते तेव्हा आई मुकाट्याने काहीच करत नसे. ती हसायला लागली की दहा घरं पलीकडे कळायचं. बाबा तिला उरणच्या लाँचचा भोंगा म्हणायचे, आणि त्यावर ती आणखी हसायची. ते गेल्यापासून भोंगा बंद होता. रोज पहाटे ती डोक्यावर पाटी घेऊन महापेच्या बाजूला शेतकऱ्यांच्या घरी जायची, मासळी देऊन भात आणायची, उरलेल्या वेळात मासळी सुकवायची. तिच्या कष्टाला दुखवटा कधी आड आला नाही. हळदीला जायला, गाण्यात बसायला आणि हसायला तेवढा आला. मला याचा तेव्हाही राग होता, आजही आहे. मला दुसरं काही नको होतं. आईने एकदा पूर्वीसारखं हसावं, एवढंच मी देवाला सांगायचे.

दोन बांबूंमध्ये शीड ताणलं गेलं. मी आईचा हात धरून पुढे निघाले, तर बाबांची मोठी बहीण, आमची आत्या, वाटेत उभी. ती शेजारच्याच घरात राहायची आणि आमच्या घरातलं बरं-वाईट तिच्या हुकमानेच चालायचं.

"वरीस व्हायचा हाय अजून," ती आईला म्हणाली. "लोकांच्या पुढं नको बसू. बगायचाच हाय तर शिडाच्या मागं बस."

आई मागे गेली. मला आत्याने पुढे बसवून घेतलं.

लशीची फिल्म झाली आणि चित्रांतला एक जाडा माणूस आला. कोंबडी धरायला तो कौलावर चढला. कोंबडी उजवीकडे पळाली, हा तिच्यामागे. कौलं संपली तरी ह्याला पत्ता नाही, हवेतच चालतोय. मग खाली बघतो, आपल्याकडे बघतो, आणि धाडकन पडतो. सगळं गाव हसलं. ते हसू ओसरलं आणि शिडाच्या मागून एकटं हसू आलं. खालून सुरू होऊन वर चढत जाणारं, शेवटी उचकीसारखं तुटणारं. मला इतका आनंद झाला की मी उठून उभीच राहिले.

आत्याही उठली. ती मशीनच्या उजेडातून आडवी गेली तेव्हा शिडावर तिची काळी सावली पडली आणि जाडा माणूस त्या सावलीत दिसेनासा झाला. ती मागे जाऊन काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. हसू बंद झालं. फिल्म संपल्यावर मी मागे धावत गेले, तर आई घरी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी मासळी वाळत घालताना बायका तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलत होत्या, "नवरा गेला नि हिला हसू येतंय." आई मासळी पसरत राहिली.

त्यानंतर होडी विकली गेली, पण नवं शीड आईने दिलं नाही. बाबांचं वर्षश्राद्ध झालं. मी गाडीची वाट बघत राहिले. आता बंदी नव्हती, आता आईला पुढे बसवायचं आणि तो जाडा माणूस दाखवायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गाडी आली, तिला नवा पडदा अजून मिळाला नव्हता, आणि पुन्हा आमचंच शीड लागलं. आत्याने स्वतः सरकून आईला जागा करून दिली. "बस गो. आता कोन काय बोलनार नाय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच मऊ होता. फिल्मही तीच लागली. जाडा माणूस कौलावर चढला तेव्हा मी पडद्याकडे बघणं सोडलं आणि आईच्या तोंडाकडे बघत बसले. तो हवेत चालायला लागला. गाव हसलं. आत्या तर पदराने डोळे पुसत हसली.

आई कपाळाला आठी घालून शिडाकडे बघत होती. मग माझ्याकडे वाकून ती हळूच म्हणाली, "कोंबडी त्या अंगाला पलाली व्हती. इथून सगला उलटा दिसतंय गो."

ती उठली, माणसांच्या कडेकडेने शिडाच्या मागे गेली. मीही तिच्यामागे गेले. तिकडे कुणीच नव्हतं. ती जिथे पूर्वी बसली होती तिथेच बसली आणि मला जवळ ओढून वर बघायला लागली. तोवर जाडा माणूस पडून गेला होता.