मंगळवारची निर्जळी

देवीवर माझी श्रद्धा नव्हती असं नाही, पण ती माझं ऐकते की नुसतं ऐकून घेते, ही शंका मनात कायम होती. महागावला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळलेल्या मोटारी माझ्याकडे येतात. पाच वर्षांपूर्वी भावाच्या शेतातला कापूस ट्रकमध्ये तुडवून भरताना मी वरून खाली आलो. जन्मभर कापसात वाढलेला माणूस, पण पडलो नेमका जिथे कापूस नव्हता तिथे. पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. पाय गेलेले लोकांना दिसतात. लघवी लागल्याचं कळणंही गेलं, ते दिसत नाही. मला कायमची नळी बसवली आणि तिला पिशवी. हात मात्र देवीनं शाबूत ठेवले, म्हणून व्हीलचेअरवर बसून दुकान सुरू राहिलं.

दुसऱ्याच वर्षी मूत्राशयात खडा झाला. आमच्यासारख्यांना तिथे दुखतच नाही, त्यामुळे लिंबाएवढा होईपर्यंत पत्ता लागला नाही. नागपूरला दुर्बिणीतून फोडून काढला. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की दिवसभर पाणी पीत राहा, नळी ठरल्या तारखेला बदला, सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा. पुन्हा खडा झाला आणि लघवी मागे तुंबली तर किडनीवर येईल. मी मान डोलावली. एक गोष्ट मात्र त्यांच्यापासून लपवली. टेकडीवरच्या जगदंबेला मी नवस बोललो होतो की पायावर उभा राहीन तोवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी निर्जळी करीन, दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. खरं सांगायचं तर बाकीच्या दिवशीही मी पाणी जपूनच प्यायचो, कारण गिऱ्हाइकासमोर पिशवी फुगलेली दिसली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि नळीचं म्हणाल तर चालू आहे ना, मग बदलायची कायले, हे आमचं शहाणपण. माझी बायको सुनंदा एकदा म्हणाली होती की देवी माय आहे, लेकरू तहानेलं ठेवून तिला काय मिळतं? मी तिच्यावर असा खेकसलो की तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात चमत्कार झाला, म्हणजे मला तसं वाटलं. माझे पाय हलायला लागले. खुर्चीत बसल्या बसल्या मांडी झटका द्यायची, पाऊल उडायचं. चार वर्षं लाकडासारखे पडलेले पाय! मला रडूच कोसळलं. आळीभर पेढे वाटले, शेजाऱ्यांनी येऊन पाय पाहिले, आणि मी निर्जळी आणखी कडक केली, रात्री आरती झाल्यावरच पाणी. लघवी गढूळ झाली होती, पिशवीच्या तळाला बारीक रेती बसत होती, हे मला दिसत होतं. पण देवी पावते आहे तेव्हा रेतीकडे कोण पाहतो?

असाच एक मंगळवार होता, भर दुपारची वेळ. जवळच्या बंजारा तांड्यावरची एक बाई ऑटोतून मोटार घेऊन आली. साठीची असेल, हातात कोपरापर्यंत बांगड्या, आवाज असा खणखणीत की बाजूचा चहावाला वळून पाहायला लागला. तिचा नेहमीचा मिस्त्री लग्नाला गेला होता, म्हणून ती माझ्याकडे आली. मी मोटार उघडली तर आतली तार जळून काळी. विहीर आटली तरी बटण चालूच ठेवलेलं. मग मी नेहमीचं भाषण सुरू केलं, की मोटार कोरडी चालवली तर जळणारच, तिला आतून गार ठेवायला पाणी लागतं, कितीदा सांगायचं तुम्हा लोकांना. तेवढ्यात माझे पाय उडाले. मी मोठ्या ऐटीत तिला सांगितलं की देवीची कृपा आहे, पायात जीव येतोय.

ती हसली नाही. पिशवी दिसू नये म्हणून मी तिच्यावर दुपट्टा टाकलेला असायचा, तो तिनं खाली वाकून सरळ बाजूला केला. आत काळ्या चहासारखी लघवी, तळाशी पांढरा गाळ. मी संतापून दुपट्टा पुन्हा ओढून घेतला.

"पाणी पेला काय आज?" तिनं विचारलं. मी म्हणालो, निर्जळी आहे.

"मले कोरड्या मोटारीसाठी बोलून राह्यला, अन् तू सोता कोरडा चालून राह्यला! माहा भाऊ मोहाच्या झाडावरून पडला, तुह्यासारखाच बसून हाय. त्याचेबी पाय असेच नाचत होते. दोन खेपा खडे निघाले. हे पाय देवी नाही हालवत बाप्पा, आतला खडा हालवते."

चार वर्षांत इतकं कडू मला कोणी बोललं नव्हतं. पेढे आठवले, शेजारी आठवले. तरी मी हट्टानं म्हणालो की बोललेलं मोडता येत नाही. ती उठली, माठातून तांब्याभर पाणी घेतलं, दुकानातल्या जगदंबेच्या फोटोसमोर ठेवलं, हात जोडून तिच्या बोलीत काहीतरी पुटपुटली आणि तांब्या माझ्यापुढे धरला. म्हणाली, आता हे तीर्थ झालं, उपासाला तीर्थ चालतं. मी म्हणालो, तीर्थ पळीभर असतं.

"ज्याची तहान मोठी, त्याचं तीर्थ मोठं. घे."

मी तांब्या तोंडाला लावला. ते पाणी घशातून खाली उतरताना मला जाणवत होतं, आणि डोळे वाहत होते. पाप केलं असं मात्र वाटलं नाही. देवीनं रागवावं आणि जवळही घ्यावं, तसं काहीसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुनंदा मला यवतमाळला घेऊन गेली. नळी काढली तर तिच्या टोकाला विहिरीच्या जुन्या पाइपात जमतो तसा खार जमला होता. सोनोग्राफीत मूत्राशयात रेती दिसली, एक किडनी किंचित सुजलेली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, वेळेत आलात, अजून दोन महिने काढले असते तर पुन्हा खडा होता आणि मग किडनीचं काही सांगता आलं नसतं. पायांच्या झटक्यांचंही त्यांनी तेच कारण सांगितलं, मूत्राशयात रेती आणि जंतू खुपले की पाय आपोआप उडतात. मूत्राशय धुऊन काढलं, जंतूंसाठी औषध दिलं, आणि पुढे कायमची नळी काढून मला नवं शिकवलं: साबणानं हात धुवायचे आणि दर चार तासांनी आपणच नळी घालून मूत्राशय पूर्ण रिकामं करायचं. पहिले आठ दिवस मी आख्खं घर डोक्यावर घेतलं. आता मोबाइलचा गजर झाला की गिऱ्हाइकं स्वतःच म्हणतात, जा मिस्त्री, तुमचा टाइम झाला. लाज कुठे गेली कोण जाणे. पाण्याची बाटली रोज सकाळी देवीपुढे ठेवतो आणि दिवसभर थोडी थोडी पितो, मंगळवारीसुद्धा.

ती याडी, तांड्यावर आईला असंच म्हणतात, पंधरा दिवसांनी मोटार न्यायला आली. मी हात जोडून म्हणालो, तुम्हाला देवीनंच पाठवलं. ती म्हणाली, "मले तं जळेल मोटारीनं पाठवलं." मग तिनं मोटार चालवून पाहिली, आवाजात खोट काढली आणि ऑटोत बसून गेली. मी त्यावर फार विचार करत नाही. तिचा मिस्त्री नेमका त्याच मंगळवारी लग्नाला गेला होता, एवढंच मला पुरतं.

सहा महिन्यांनी सोनोग्राफी स्वच्छ आली. किडनीची सूजही उतरली. तेव्हा वाटलं, आता वर जाऊन सांगायला हवं की माझ्याकडून बोललेलं मोडलं. चार मित्रांनी खुर्चीसकट मला टेकडीवर उचलून नेलं, वाटभर माझ्या वजनाला शिव्या घालत. क्षमा मागायची म्हणून काय काय ठरवून ठेवलं होतं, पण समोर बसलो आणि भलतंच बोलत सुटलो. दुकानाचं सांगितलं, रिपोर्टचं सांगितलं, सुनंदाच्या तोंडावरची काळजी उतरली ते सांगितलं. बाहेर तुरीचं पिवळं रान पसरलेलं होतं. इतकं हलकं मला पडण्याआधीही कधी वाटलं नव्हतं.

खाली आलो तर सुनंदा पायथ्याशी वाट पाहत उभी होती. तिनं हळूच विचारलं, "पायाचं मांगतलं काय?"

चार वर्षं दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि आज तेवढंच राहून गेलं होतं. ती घाईनं म्हणाली, हे चौघं आहेत तोवर पुन्हा वर जाऊ.

"राहू दे," मी म्हणालो. "तिले माहीत हाय."