सलीमभाऊंचं 'नाही'

डॉक्टरबाईंनी एमआरआयची फिल्म उजेडाकडे धरली आणि एका डागावर पेन टेकवलं. "स्ट्रोक आहे. मेंदूला रक्त नेणारी नळी इथं तुंबली. ही जागा फ्रंटल लोबची, म्हणजे कपाळामागचा भाग. रागाला ब्रेक लावतो तो हाच."

माझे मालक पुटपुटले, "हिचा ब्रेक आधीच ढिला हाय." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी लगेच खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

त्या सकाळी भाकरी थापताना डावा हात परातीतच पडून राहिला होता. तोंडातून शब्द फुटेना. रोहिणखेडहून मला बुलढाण्याला आणलं ते सलीमभाऊंनी, त्यांच्या गाडीतून. आमच्या शेताचा आणि त्यांच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, एकच. पाण्यावरून, बकऱ्यांवरून आमचं भांडण ठरलेलं. त्या माणसानं माझं एक वाक्य कधी मुकाट्यानं ऐकून घेतलं नव्हतं.

वॉर्डातले दिवस रक्त तपासण्यात आणि वाट पाहण्यात गेले. पऱ्हाटी, म्हणजे आमची कपाशी, तेव्हा फुलावर होती. मीच एकेक सरकी मातीत टोबली होती आणि मी इथं खाटेवर.

घरी आले तेव्हा हात दुबळा आणि राग तगडा. भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं, मग स्वतःच रडत बसले. पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी समजावलं, "अमिग्डला म्हणजे मेंदूतली धोक्याची घंटा. ती आधी वाजते, ब्रेक मागून लागतो. तुमचा जरा उशिरा लागेल. तोवर राग आलाय हे मोठ्यानं म्हणा आणि श्वास सावकाश सोडा. भावनेला नाव दिलं की घंटा मंदावते."

मग काय, आमच्या घरातून उठता-बसता आरोळी, "मले राग येऊन राह्यला!" रस्त्यानं जाणारे थबकून पाहायचे. पाहू द्या म्हटलं. मला बरं व्हायचं होतं.

पण घरचे भलतेच शहाणे झाले. मी म्हणेन त्याला हो. सलीमभाऊसुद्धा! "हो वयनी, बराबर वयनी." ऐकून अंगाची लाहीलाही व्हायची. जिवंतपणी फोटोला हार घातल्यासारखं वाटायचं. हे डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हाताला चेंडू दाबायला दिलाय ना? ब्रेकलाही काम हवं. खोटं हो म्हणू नका, सांगा त्यांना."

वेचणी मजुरांनी उरकली होती. झाडांवर थोडी बोंडं शिल्लक होती. बीटी बियाणं आलं तेव्हा अळीचं नाव गेलं असं आम्ही समजलो, पण गुलाबी बोंडअळी परत आली. उभ्या पऱ्हाटीत ती तग धरते आणि शेजाऱ्याच्या शेतात पसरते, म्हणून हिवाळ्यात शेत मोकळं करायचं. सगळं ठाऊक असून मी जाहीर केलं की पाणी देऊन फरदड घेणार, म्हणजे त्याच झाडांवर दुसरं पीक. सलीमभाऊ म्हणाले, "हो वयनी."

दुसऱ्या दिवशी ते धुऱ्यावर बोंड फोडून बघताना दिसले. मला पाहताच त्यांनी ते खिशात टाकलं.

मी काठी टेकत गेले. "भाऊ, खरं बोला."

"तुमाले टेन्शन द्याचं नाही सांगतलं न."

"डॉक्टरबाईनंच सांगतलं, खोटं हो म्हणू नोका."

त्यांनी खिशातलं बोंड माझ्या हातावर ठेवलं. आत अळी वळवळत होती. "तं ऐका. नाही. फरदड ठेवाची नाही. माह्यं वावर खाईन हे अळी."

डोक्यात घंटा घणघणली. "मले राग येऊन राह्यला!"

"येऊ द्या. मी बसतो अठीच."

ते खरंच बसले. मी श्वास सोडला, पुन्हा सोडला. रागाखालून भलतंच वर आलं. "भाऊ, औंदा एक बोंड नाही वेचलं मी."

त्यांनी झाडांवर उरलेल्या बोंडांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग आधी वेचा. पऱ्हाटी उद्या उपटू."

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर औषध वेळेवर द्या, शांत वेळ बघून बोला, पण त्याला खऱ्या बोलण्यातून वगळू नका. माझ्या मेंदूवर तो डाग आजही आहे. तरी मी माणसांत आहे ती त्या एका 'नाही'मुळे, आणि सलीमभाऊंचे हे उपकार मी विसरणार नाही.

उरलेली बोंडं मी त्याच दिवशी डाव्या हातानं वेचली. दुसऱ्या सकाळी उपटायला पहिलं झाड धरलं, ते हललंसुद्धा नाही.

"लावू का हात?" सलीमभाऊंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि पुन्हा जोर लावला.