पाट बंद झाल्यावर पाहिलेलं घर

तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढे, उसाच्या रानांमध्ये एक बैठं घर विकायला होतं. आम्हाला शनिवार-रविवारसाठी आणि पुढे कायमचं राहायला तसंच घर हवं होतं. ह्यांच्या निवृत्तीचे बहुतेक पैसे त्यात जाणार होते. म्हणजे चूक करायची मुभा नव्हती.

एजंटाने आम्हाला भर उन्हाळ्यात नेलं, तरी सगळीकडे हिरवं होतं. घरामागे विहीर, तिच्यात हात घालावा इतकं वर पाणी.

"साहेब, इथं लॉन करा. पुढं छोटा स्विमिंग टँक. तुम्ही नसाल तवा भाड्यानं द्या, पुण्याची लोकं लाइन लावत्यात."

हे लगेच लॉनवर खुर्ची टाकून बसल्यासारखे दिसायला लागले.

मी विचारलं, "पाटाला पाणी कधी सुटलंय?"

एजंटाने विहिरीकडे बोट केलं. "पाटाचं काय, ताई? इहीर बघा की. काठोकाठ हाय."

माझं माहेर वरवंडचं. पाटाचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, सुरू झालं की पाझराने आसपासच्या विहिरी आपोआप भरतात, आणि पाट बंद झाला की उतरतात, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कळतं. घराचे कागद वकिलांनी पाहून दिले होते, त्यांत खोट नव्हती. पण विहिरीत स्वतःचं पाणी किती, हे कागदावर नसतं.

"पाट बंद झाला की पुन्हा येते," मी म्हटलं.

"ताई, टोकन आजच देऊन ठेवा. सोलापूरची पार्टी रविवारी येतीय."

"येऊ द्या."

परतताना गाडी हे चालवत होते. शिक्रापूरच्या चौकात म्हणाले, "घर गेलं तर तुझ्यामुळे."

"गेलं तर गेलं. टँकरची वाट बघत म्हातारपण काढायचं नाही मला."

आवर्तन संपल्यावर थोडे दिवस जाऊ दिले आणि डबा घेऊन गेलो. पाट कोरडा पडला होता, तळाचं शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे निघाले होते. एजंट फाटकाशी उभा होता.

"ती सोलापूरची पार्टी?"

"त्यांची गाडी बिघडली."

"तेव्हापासून?"

तो पकडला गेल्यासारखा हसला. बरं वाटलं, तोवर तो नुसताच गोड बोलत होता.

विहिरीच्या पायऱ्या आता खालपर्यंत उघड्या होत्या. मी मोटर चालू करायला लावली. पाणी खाली जात गेलं, मोटर हवा ओढायला लागली, तशी बंद केली. आता विहीर स्वतःहून किती भरते ते बघायचं होतं. एजंट म्हणाला, "ताई, असं कुणी करत न्हाई." शेजारच्या रानातले आप्पा बांधावर येऊन बसले होते. ते म्हणाले, "बाकीची गिऱ्हाइकं गेट बघत्यात, ह्या बाई तळ बघत्यात. बघू दे की."

आम्ही चिंचेखाली बसून भाकरी खाल्ली. ह्यांनी निम्मीच खाल्ली, सारखे विहिरीकडे बघत होते. ऊन कलल्यावर वाकून पाहिलं. पूर्वेच्या कपारीतून बारीक धार येत होती आणि तळाचे उघडे पडलेले दगड पुन्हा पाण्याखाली गेले होते.

"आप्पा, हा झरा आटतो का कधी?"

"बारीक हुतो. आटल्याला मी तर न्हाई बघितला. पर दोन मान्सांचं पानी हाय त्ये. गवत पोसायचं न्हाई."

म्हणजे लॉन नाही, टँक नाही, भाडेकरूही नाहीत. घर मात्र होतं. मी एजंटाला म्हटलं, "मालकांना सांगा, लॉनच्या भावाने घेणार नाही. दोन माणसांच्या पाण्याच्या भावाने घेऊ." त्याने कुरकुर केली, मग बाजूला जाऊन मालकांना फोन लावला. बऱ्याच वेळाने परत आला आणि मान डोलावली.

हे अजून विहिरीच्या कठड्याशीच होते.

"आंब्याचं एक झाड तरी?" त्यांनी विचारलं.

भांडी घासलेलं पाणी रोज कुठेतरी टाकावं लागणारच होतं.

"एक चालेल," मी म्हटलं. "मोरीच्या बाजूला लावा."