ट्राउटचे चमचे, अजमानची सुरमई

माल उघडून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही, हा नियम मी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात दुकान टाकलं तेव्हापासून पाळत आलो आहे. कॅफेटेरिया आणि लहान हॉटेलांना भांडी पुरवणं हा माझा धंदा. पातेलं वाजवून बघतो, कढईचा कान ओढून बघतो, चमचा दोन बोटांत धरून वाकवून बघतो. वाकला तर परत. म्हणून एका गोदामवाल्याने मला फसवलं असं मी सांगतो, तेव्हा लोकांनी ते गंभीरपणे घ्यावं एवढीच माझी अपेक्षा असते. कोणी घेत नाही. सगळे आधी हसतात.

झालं असं की, कोणाचा तरी न सोडवलेला माल त्या गोदामात पडून होता. खोक्यांवर इंग्रजीत छापलं होतं: स्पून, असॉर्टेड, हॅमर्ड सिल्व्हर, हॅमर्ड कॉपर. आमच्या धंद्यात हॅमर्ड म्हणजे ठोक्याची नक्षी. हल्ली हॉटेलवाले या नक्षीच्या मागे वेडे झाले आहेत. साध्या डाळीत असा चमचा ठेवला की डाळीचा भाव वाढवता येतो. मी चेहरा पाडला आणि म्हणालो, "ये तो पुराना डिझाइन है."

"खोलके लेगा तो अलग रेट, बंद लेगा तो अलग," गोदामवाला म्हणाला.

मग आमची जुंपली. मी दोनदा निघून गाडीपर्यंत गेलो, दोनदा त्याने हाक मारली. त्याने माझ्या दाढीचा उद्धार केला, मी त्याच्या गोदामाचा. शेवटी बंद खोक्यांचा भाव मी इतका खाली आणला की उघडून बघायचं म्हणणं म्हणजे जिंकलेली लढाई सोडून देणं होतं. यल्ला, खलास. खोकी गाडीत चढली.

दुकानात येऊन पहिलं खोकं फोडलं. आत चमचे होते. चांदीसारखे लखलखीत, ठोक्याची नक्षी एक नंबर. फक्त त्यांना दांडे नव्हते. मला वाटलं, दांडे वेगळे पाठवले असतील. ते शोधायला मी दुसरं खोकं फोडलं आणि हात घातला तो थेट गळावर. प्रत्येक चमच्याच्या बुडाला एक तिहेरी गळ लटकत होता.

बोटाला फडकं बांधून गोदामवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "भाई, मैंने कब बोला कि खाने का चमचा है?"

यावर मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

माझी मुलगी इथेच जन्मली, इथेच कॉलेजात शिकते. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं छान चालतं. तिला फोटो पाठवला. उत्तर आलं, "बाबा, दीज आर फॉर ट्राउट अँड सॅल्मन. इन लेक्स." थोड्या वेळाने, "ह्यूज लेक्स." मग अजून थोड्या वेळाने, "लाइक, विथ स्नो." म्हणजे हे चमचे माशांना भुलवून गळाला लावायचे, तेही बर्फाळ मुलखातल्या तळ्यांत.

आमच्याकडे तळं म्हणजे मॉलसमोरचं, मध्ये कारंजं असलेलं. त्यात मासा असला तरी तो मॉलच्या मालकीचा.

हे सगळं माझ्या घरातच राहिलं असतं. पण मला एक साडू आहे. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. थंडगार ऑफिसात खुर्चीवर बसतो आणि ऑफिसातल्या मित्रांबरोबर अजमानच्या धक्क्यावर त्याची एक भागीदारीतली होडी आहे. थंडीच्या दिवसांत दर रविवारी सुरमई मारायला जातो. आता बघा, मी रत्नागिरीचा, समुद्रासमोर वाढलेला. तो सोलापूरचा. आणि होडी त्याची! हे मला कधीच पटलेलं नाही. तो मला काटा कसा काढायचा ते शिकवतो तेव्हा तर अजिबात नाही.

तर हा साडू जेवायला आला असताना मुलीने त्याला एक चमचा दाखवला. त्याने तो उलटसुलट करून बघितला, तिच्या मोबाइलवर दुकानातल्या खोक्यांच्या ढिगाचा फोटो बघितला आणि म्हणाला, "वा साडूबुवा! जन्मात कोणाचे चमचे झाला नाहीत, आता गोदामभर चमचे झाले तुमचे. आजपासून तुम्ही चमचेशेठ."

मेहुणी इतकी हसली की तिला ठसका लागला. "सॉरी हं भाऊजी," असं म्हणून परत हसली.

हे नाव मराठीतच राहिलं असतं तर मी सोसलं असतं. पण चमचा हा शब्द हिंदीतही चमचाच, आणि त्याचा दुसरा अर्थही तोच. साहेबांच्या मागेपुढे करणारा. मी, ज्याने आयुष्यात कोणाची हांजी हांजी केली नाही, उलट त्यापायी दोन नोकऱ्या घालवल्या, तो चमचा! साडू एकदा कुकर न्यायला दुकानात आला आणि माझ्या ड्रायव्हरसमोर मोठ्याने म्हणाला, "क्या चमचेशेठ, कैसे हो?" ड्रायव्हर पेशावरचा. त्याने ते केरळच्या चहावाल्याला सांगितलं. चहावाल्याने गल्लीला.

भाव करणाऱ्या माणसाकडे माल नंतर येतो, आधी दरारा लागतो. माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे, कॅफेटेरियावाला. मी एक आकडा सांगितला की तो घाम पुसायचा. त्या आठवड्यात मी आकडा सांगितला तर तो गालात हसला. "चमचेशेठ, थोडा कम करो ना." आणि कसं कोण जाणे, मी कमी केला. तो गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिलो. हे असंच चाललं तर मला दुकानात बसण्याऐवजी दुकानाबाहेर उभं राहावं लागेल, हे मला दिसत होतं.

त्याच संध्याकाळी साडूच्या घरी गेलो. बायको आणि मुलगी बरोबर होत्या.

"याच चमच्यांवर सुरमई काढून दाखवतो," मी म्हणालो. "येत्या रविवारी, तुमच्याच होडीतून."

"तळ्यातल्या चमच्यांवर? समुद्रात?"

"हो."

"आणि नाही निघाली तर?"

"तर त्या नावाला स्वतः ओ देईन. दुकानाच्या पाटीवर लिहून घेईन."

"आणि निघाली तर?"

"सगळ्यांना जेवायला बोलवायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, माल चांगला होता. आणि ते नाव परत तोंडात आणायचं नाही."

"पाटी रंगवायला किती दिरहम घेतील, विचारलंत का?" माझी बायको मध्येच म्हणाली आणि अंदाजाने एक आकडा धरून त्याचे रुपये करायला लागली. माझ्या बाजूने कोण आहे हे मला तेव्हाच कळलं.

मग अभ्यास सुरू झाला. मोबाइलवर एक म्हातारा गोरा सापडला. लोकरीची टोपी, मागे बर्फाचे डोंगर, आणि समोर एवढं मोठं तळं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. तो जे इंग्रजी बोलायचा त्यातलं निम्मं मला कळायचं, उरलेलं मुलगी समजावून द्यायची. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. उन्हाळ्यात तळ्याचं वरचं पाणी तापलं की तो खाली गार थरात उतरतो. म्हणजे जून आला की आम्ही एसीत शिरतो तसंच. त्याच्यापर्यंत चमचा पोचवायचा तर शिशाचा एक गोळा तारेला बांधून पाण्यात सोडायचा. गळाची दोरी त्या गोळ्याजवळ एका चापात अडकवायची. मासा लागला की चाप सुटतो, गोळा राहतो खाली आणि मासा येतो आपल्या हातातल्या काठीवर. चमच्याच्या पुढे एक लांबट चकचकीत पत्रा बांधायचा. तो डुलतो आणि लांबूनच माशाचं लक्ष वेधतो. माझ्या खोक्यांत तेही पत्रे होते. मी त्यांना बडीशेपेच्या ताटल्या समजलो होतो.

"अँड स्लो, बाबा. ही सेज गो व्हेरी, व्हेरी स्लो."

शिशाचा गोळा कुठून आणणार? माझ्याकडे जुन्या तराजूचं एक लोखंडी वजन होतं, दार अडवायला ठेवलेलं. ते घेतलं. चाप म्हणून बायकोचा कपडे वाळत घालायचा चिमटा घेतला. न विचारता.

रविवारी उजाडताच आम्ही निघालो. होडीत साडू, मी आणि मुलगी. साडूने चिमटा बघितला आणि तोंडावर हात ठेवला.

"साडूबुवा, हे मासे धरायला की धुवायला?"

मी चिमटा वजनाच्या दोरीला बांधला. वजन दोरीने सोडलं, मागे चमचा सोडला. साडूने होडी अशी पळवली की चमचा पाण्यात पंख्यासारखा गरागरा फिरायला लागला आणि दोरीला पीळ बसला.

"हळू! हा चमचा डुलला पाहिजे, फिरला नाही पाहिजे."

"सुरमईला वेग लागतो. मी सात नॉटने जातो."

"दोन."

"दोन? इतक्या हळू गेलो तर बंद पडलो समजून कोणीतरी ओढून न्यायला येईल. सहा."

"अडीच. त्यापुढे बोलू नका."

"पाच. होडी माझी आहे."

"होडीतला तुमचा हिस्सा तेवढा तुमचा. तेवढ्या हिश्श्याचा वेग तुम्ही ठरवा."

मुलगी हसली. साडू चिडला. साडेतीनवर सौदा पटला. खरं सांगतो, तीनला मी खूश होतो, पण साडेतीन दिल्यामुळे त्याला वाटलं आपण काहीतरी मिळवलं.

आणि चमचा डुलायला लागला. मी काठीचं टोक बघत होतो. ते मंद, सारखं हलत होतं. मग एकदम झटका बसला, चिमटा सुटला, मी काठी उचलली आणि दोरी सुळकन रिकामी आली. टोकाला काही नव्हतं. चमचा गेला, पत्राही गेला.

"सुरमईला दात असतात हो, रत्नागिरीकर," साडू म्हणाला. "ट्राउटसारखं नाही. पुढे तार लावावी लागते." त्याच्या पेटीत तार होती. सकाळपासून होती. विचारलं नाही म्हणून दिली नव्हती! मी तार घेतली, लावली आणि आभार मानले नाहीत.

त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. ऊन वर चढलं. धक्क्याकडचे टॉवर पांढुरके दिसायला लागले. साडूने घड्याळ बघितलं.

"चला. झालं. पाटीवर अक्षरं लाल घ्या, उठून दिसतील."

"दुपारपर्यंत ठरलं होतं."

"सकाळ ठरली होती."

"दुपार!"

"सकाळ! आणि होडी मी चालवतोय!" असं ओरडून त्याने रागारागाने चाक गर्रकन उजवीकडे फिरवलं. माझी वजनाची दोरी होडीखाली जायला लागली. मी किंचाळलो तसं त्याने तेवढ्याच रागाने चाक डावीकडे फिरवलं. होडी पाण्यात नागमोडी गेली, काठी क्षणभर सैल पडली, आणि फट्कन आवाज करून चिमटा उडाला.

काठी वाकली. दोरी चरचरत बाहेर जायला लागली. मी मागे ओढत होतो, तो मासा पुढे ओढत होता, आणि साडू पैज विसरून ओरडत होता, "ढील द्या! ढील द्या हो! आता आवरा! अहो, काठी वर!" मी त्याला गप्प बसायला सांगितलं. तो बसला नाही. मुलगी इंग्रजीत काहीतरी देवाचं नाव घेत होती. शेवटी पाण्यात चंदेरी पट्टा चमकला. साडूने वाकून आकडी मारली आणि मासा होडीत आला. सुरमई. इथले अरब कोळी तिला कनाद म्हणतात. चांगली हातभर लांब, अंगावर बारीक आडव्या रेघा, आणि जबड्यात ठोक्याच्या नक्षीचा माझा चमचा.

आम्ही दोघं धापा टाकत तिच्याकडे बघत राहिलो. मग साडू म्हणाला, "वळण मी घेतलं."

"चमचा माझा."

"वळलो नसतो तर तुमचा चमचा अजून फिरतच असता."

"तुम्ही वळलात ते मला घरी न्यायला!"

"बाबा, ही इज राइट," मुलगी म्हणाली. तो टोपीवाला म्हातारा हेच सांगत होता म्हणे. सरळ जायचं नाही, नागमोडी जायचं. वळताना आतल्या बाजूची दोरी मंदावते, चमचा खाली बसतो आणि जखमी मासळीसारखा लडखडतो. मागे येणारा मासा तेव्हाच तोंड घालतो. हा भाग ती मला समजावत होती तेव्हा मी म्हणे एका गिऱ्हाइकाशी फोनवर भांडत होतो.

साडू धक्का येईपर्यंत शीळ वाजवत होता.

पुढच्या शनिवारी त्याने सगळ्यांना जेवायला बोलावलं. तोपर्यंत सुरमई त्याच्याच फ्रीझरमध्ये होती. तुकड्या तळून आल्या, सोलकढी आली, माणसं बसली. मी जेवायला सुरुवात केली नाही. हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिलो. तो उठला, घसा साफ केला.

"ही सुरमई आमच्या साडूबुवांनी काढली," तो म्हणाला. "तळ्यातल्या चमच्यावर. माल चांगला होता."

कोणी हसलं नाही. मेहुणीने फक्त विचारलं, "पण भाऊजी, काढली कशी?" आणि मी सांगायला लागलो. चिमटा, वजन, पत्रा, वेग, सगळं. दार अडवायचं वजन कुठे गेलं होतं ते बायकोला तेव्हा कळलं आणि चिमट्याचंही, पण तिने मला थांबवलं नाही. साडूही ऐकत होता. घास हातात तसाच धरून, मध्ये एकही शेरा न मारता. लग्नापासून आम्ही एकमेकांना ओळखतो, असं कधी झालं नव्हतं.

मी वळणापाशी आलो तेव्हा त्याने हळूच विचारलं, "पण आधी उजवीकडे वळायचं की डावीकडे? काय म्हणतो तो टोपीवाला?"

मला माहीत नव्हतं. काहीतरी ठोकून दिलं असतं तर तिथे कोणालाही कळलं नसतं. माझ्या तोंडात शब्द तयारही होता.

"ते मला कसं माहीत असणार?" मी म्हणालो. "वळण तुम्ही घेतलंत. तुम्ही सांगा."

साडू ताठ बसला. घास ताटात ठेवला आणि दोन्ही हातांनी हवेत चाक धरलं. "हे बघा," तो सगळ्यांना म्हणाला, "आधी असं उजवीकडे. पण गर्रकन हं." आणि तसंच चाक धरून त्याने बायकोला सांगितलं, "अगं, ती मधली जाड तुकडी आहे ना, ती साडूबुवांना वाढ."